ड्रोन कुणाचा, हे आधी कळू द्या

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, दौंड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात रात्री आकाशात लुकलुकते दिवे फिरू लागले. मग ते बारामती-इंदापूरकडे दिसले, नगर आणि बीडकडे दिसले. बिबट्यामुळे आधीच रात्री-अपरात्री सावध असणारी माणसे काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन गस्त घालू लागली. चोर टेहळणी करून जातात, असे कुणी म्हणाले. कुणी म्हणाले सरकारी मोजणी चालू आहे, कुणी लष्कराचा सराव म्हणाले, तर कुणी शेजारच्या गावातल्या पोरांचा टवाळपणा. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर ड्रोन घिरट्या घालतो अशी तक्रार झाली तेव्हा विषयाला राजकीय धार चढली आणि तो विधिमंडळात गेला. पोलिसांनी अफवांवर विश्वास ठेवू नका असे सांगितले. सांगणे बरोबर होते, पण "मग तो आहे तरी कुणाचा?" या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.

गावात अनोळखी गाडी तीनदा फिरली तर कुणीतरी तिचा नंबर टिपतो, पोलीस पाटलाच्या कानावर घालतो, आणि संध्याकाळपर्यंत गाडी कुणाची ते कळते. बहुतेक वेळा ती कुणाच्या तरी जावयाची निघते. डोक्यावरून जाणाऱ्या यंत्राला नंबर असला तरी तो खालून दिसत नाही, आणि उडवणारा कुठल्या उसाच्या फडाआड उभा आहे तेही समजत नाही. असली भीती मग हाताला लागेल त्या माणसावर निघते. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात, ड्रोनने घरे हेरून चोऱ्या होतात, अशी अफवा जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रायबरेली जिल्ह्यात जमावाने चोर समजून एका दलित माणसाचा मारून मारून जीव घेतला. त्याच्यापाशी ड्रोन नव्हता.

हे आपल्याकडच्या अडाणीपणामुळे होते असे कुणाला वाटत असेल, तर त्याने लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची गोष्ट आठवावी. १९ डिसेंबर २०१८ च्या रात्री धावपट्टीजवळ ड्रोन दिसल्याची खबर आली. नाताळच्या तोंडावर सुमारे हजार उड्डाणे बिघडली आणि जवळपास १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. पोलिसांनी जवळच राहणाऱ्या एका जोडप्याला उचलले, दीड दिवस कोठडीत ठेवले, वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले, आणि त्यांचा काहीच संबंध नाही असे दिसल्यावर त्यांना सोडले. पुढे पोलिसांना भरपाई आणि वकिलाचा खर्च मिळून त्या जोडप्याला दोन लाख पौंड द्यावे लागले. खरा ड्रोनवाला सापडला नाही तो नाहीच. मुळात ड्रोन होता की नाही, याबद्दलही नंतर शंका घेतली गेली. इतके कॅमेरे, इतकी गुप्तचर यंत्रणा असलेल्या देशाचे पोलीसही त्या दोन दिवसांत शिरूरच्या गावकऱ्यांइतकेच अंधारात होते.

ड्रोनच्या गैरवापरावर बोलताना दोन उपाय नेहमी एका दमात सांगितले जातात. उडवणाऱ्याची ओळख पटली पाहिजे, आणि वेळ आली तर दुरूनच ड्रोनचा ताबा घेता आला पाहिजे. ऐकताना दोन्ही एकाच जातीचे वाटतात. माझ्या मते ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे आहेत. ओळखीची सक्ती उद्याच्या उद्या करावी. ताब्याची सोय प्रत्येक ड्रोनच्या पोटात बसवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा.

कागदावर आपल्याकडे ओळख आहेच. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची सरकारच्या ऑनलाइन मंचावर नोंद करायची, त्याला यूआयएन नावाचा क्रमांक घ्यायचा, आणि उडवणाऱ्याने रिमोट पायलटचे प्रमाणपत्र काढायचे. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला प्रमाणपत्र लागत नाही, दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनलाही धंद्यासाठी वापर नसेल तर लागत नाही. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड. पण हा क्रमांक फाइलीत आणि सर्व्हरवर असतो. चारशे फुटांवर गेलेला ड्रोन खालच्या हवालदाराला तो सांगत नाही.

खरे तर या बाबतीत भारताने जगाच्या पुढे उडी मारली होती. १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांत 'नो परमिशन, नो टेकऑफ' अशी अट होती. डिजिटल सही केलेली परवानगी ड्रोनच्या मेंदूत पोहोचल्याशिवाय पंखे फिरणारच नाहीत, अशी ती रचना. कल्पना देखणी होती. पण परदेशी कंपन्यांनी आपली यंत्रे त्यासाठी बदलली नाहीत, देशी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि परवानगीची यंत्रणा रडतखडत चालणारी. परिणाम असा की कायद्याने चालू पाहणारा जमिनीवर बसला आणि न विचारणारा उडत राहिला. २०२१ च्या नियमांनी हा सगळा पसारा आवरला. फॉर्म २५ वरून ५ वर आणले, शुल्काचे ७२ प्रकार होते ते ४ केले, नकाशावर मोकळ्या ठरवलेल्या हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत परवानगीचीच गरज ठेवली नाही. हे सगळे योग्यच झाले. चूक एवढीच, की त्या आवराआवरीत ड्रोनचे ठिकाण, उंची, वेग आणि क्रमांक सतत प्रसारित करणारा बीकनही बाजूला पडला. सरकार भविष्यात या गोष्टी अधिसूचनेने सक्तीच्या करू शकेल, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत देईल, असे नियमांत लिहून ठेवले आहे. ते भविष्य अजून उगवलेले नाही.

परवानगी आणि ओळख या दोन गोष्टींची सरकारने गल्लत केली असे मला वाटते. परवानगी उड्डाणाआधी अडवते, म्हणून ती जाचक. ओळख कुणाला अडवत नाही. खुशाल उड, पण कोण ते सांगत उड, एवढेच तिचे म्हणणे. अमेरिकेत 'रिमोट आयडी'ची सक्ती झाली आणि मार्च २०२४ पासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. जपानने २०२२ मध्ये शंभर ग्रॅमपासूनच्या ड्रोनना ती लावली. युरोपात २०२४ च्या जानेवारीपासून बहुतेक वर्गांना लागू आहे. यंत्र उडताना वायफाय किंवा ब्लूटूथवरून आपला क्रमांक, जागा, उंची सांगत राहते, आणि जवळपासचा माणूस ते साध्या फोनवर वाचू शकतो. क्रमांकावरून नाव-पत्ता काढण्याचा अधिकार फक्त यंत्रणांना. ड्रोनचे दुकान चालवणाऱ्या एका हौशी ड्रोनवाल्याने अमेरिकेत याविरुद्ध कोर्टात दाद मागितली होती. २०२२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला.

खर्चाचा बाऊ करण्यासारखेही यात काही नाही. आर्डुपायलट या ड्रोनच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या लोकांनी ओळख प्रसारित करणारा कोड लिहून सर्वांना खुला केला आहे, आणि तो ईएसपी३२ या काही शे रुपयांना मिळणाऱ्या चिपवर चालतो. पुण्यातल्या पासोड्या विठोबापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरणाऱ्या कॉलेजातल्या पोरांना ही चिप चांगली ठाऊक असते.

अडचण दुसरीकडे आहे. लग्नाच्या वरातीवर, प्री-वेडिंगच्या शूटिंगला, गडकिल्ल्यांच्या रीलसाठी जे ड्रोन उडतात त्यांतले बरेचसे चिनी डीजेआयचे असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. त्याआधी देशात असलेल्या ड्रोनना टाइप सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे मॉडेलच्या मान्यतेच्या दाखल्याशिवाय, नोंद करण्याची एक सवलत दिली होती, तीही मुदतीची. त्यानंतर आडवाटेने आलेला ड्रोन ज्याच्याकडे आहे, त्याला नोंद करायची इच्छा झाली तरी दरवाजा बंद. स्टुडिओवाला मग गप्प राहतो, पोलीस दिसले की बॅग बंद करतो. म्हणजे ज्याची ओळख आपल्याला सगळ्यात सोपेपणाने मिळाली असती, त्या साध्यासुध्या धंदेवाल्याला आपण लपायला शिकवले. डीजेआयच्या अनेक यंत्रांत ओळख प्रसारित करण्याची सोय कारखान्यातूनच आलेली असते. ऐकणारा फोन आणि जुळवायला नोंदवही, एवढेच आपल्याकडे नाही. आयातबंदी ठेवायची तर ठेवा, त्यामागे देशी उद्योगाचा आणि सुरक्षेचा विचार आहे. पण जे यंत्र आधीच देशात आहे त्याला एकदा सहा महिन्यांची खिडकी उघडा, बीकन बसवा, नंबर द्या. आयात शुल्काचा, दंडाचा हिशेब त्या खिडकीत काढू नका, नाहीतर कुणी फिरकणार नाही.

नंबर यंत्राचा, पण जबाबदार कोण? ड्रोन स्टुडिओच्या मालकाच्या नावावर असतो आणि उडवतो त्याचा मदतनीस. ई-चलान घरी आल्यावर "त्या दिवशी गाडी भावाकडे होती" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एकदा तरी बोलले गेले असेल. ड्रोनच्या बाबतीत हे टाळणे सोपे आहे, कारण उड्डाणाआधी रिमोटवर किंवा फोनच्या ॲपवर लॉगिन करावेच लागते. तिथे पायलटचा क्रमांक मागा आणि तो उड्डाणाच्या नोंदीत बांधून टाका. त्यासाठी बोटांचे ठसे, चेहरा, आधार असले काहीही नको. हौशी माणसाला प्रमाणपत्राची सक्ती नाही, तशी ती नसावीच. त्याला अमेरिकेतल्यासारखी फुकट ऑनलाइन चाचणी द्या आणि एक क्रमांक द्या. मराठीत घ्या ती चाचणी. विमानतळाच्या जवळ का उडवायचे नाही, गर्दीवर का न्यायचे नाही, हे अर्ध्या तासात शिकवता येते. कित्येकांना ते कुणी सांगितलेलेच नाही, आणि चुकीच्या उड्डाणांमागे हेच कारण जास्त वेळा असते असा माझा समज आहे.

आता नेहमीचा आक्षेप. ज्याला वाईट करायचे आहे तो बीकन कशाला लावेल? २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके पडली. पंजाबच्या सीमेवर हेरॉइनची पाकिटे टाकणारे ड्रोन सीमा सुरक्षा दल वर्षानुवर्षे गोळा करते आहे. यांतला कोण आपला नंबर सांगत येणार? कुणीच नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षाही नाही. ओळखीचा उपयोग वेगळा आहे. एखाद्या धरणावर, मिरवणुकीवर, विमानतळाजवळ एकाच वेळी आठ-दहा ड्रोन दिसत असतील, तर त्यातला मुका कोणता हे चटकन कळते. बाकीच्यांची नावे माहीत असल्याने पोलिसांना मुक्याच्या मागे धावायला वेळ मिळतो. आज सगळेच मुके आहेत, म्हणून लग्नातला फोटोग्राफर आणि घातपाती यांच्याकडे सारख्याच संशयाने पाहावे लागते.

खोट्या ओळखीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. ज्या स्वस्त चिपवर खरा बीकन चालतो, तिच्यावरच नसलेल्या दहा ड्रोनचे भूत उभे करता येते, किंवा दुसऱ्याचा नंबर लावून उडता येते. गाड्यांच्या साध्या पाट्यांचे असेच झाले म्हणून जुन्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली आणि २०२५ भर आपण मुदतवाढीच्या बातम्या वाचत बसलो. ड्रोनच्या बाबतीत ही दुसरी फेरी टाळायची असेल तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक संदेशावर त्या यंत्राची डिजिटल सही असावी. अमेरिकेने ती सक्तीची केली नाही. तिथले उरलेले काम आपण इथे आधीच करून घ्यावे.

ओळख उघड करण्यातही धोका आहे, आणि तो मला या विषयातला सगळ्यात गंभीर मुद्दा वाटतो. अमेरिकेच्या आणि युरोपच्या पद्धतीत ड्रोनबरोबर उडवणारा कुठे उभा आहे तेही सगळ्यांना कळते. भीमेच्या किंवा गोदावरीच्या पात्रात रात्रीचा वाळूउपसा चालू आहे आणि एक स्थानिक पत्रकार बंधाऱ्याआडून ड्रोनने त्याचे चित्रण करतो आहे, अशी कल्पना करा. त्याची जागा ट्रॅक्टरवाल्याच्या फोनवर दिसली तर पुढे काय होईल, ते सांगायला नको. आपल्याकडे वाळूवाल्यांनी तलाठी आणि तहसीलदारांवरही गाड्या घातल्या आहेत. युक्रेनमध्ये तर ही गोष्ट जिवावर बेतली. डीजेआयचे ड्रोन आपली आणि पायलटची जागा प्रसारित करत होते, आणि ती पकडणारे एरोस्कोप नावाचे यंत्र कंपनीच विकत होती. रशियन फौजा ते वापरून आमच्या ड्रोनवाल्यांना हेरतात, अशी तक्रार युक्रेनने मार्च २०२२ मध्ये उघडपणे केली. ही माहिती सांकेतिक करून पाठवली जाते असे कंपनी सांगत होती, ते खरे नव्हते हेही त्याच वर्षी बाहेर आले. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ते सविस्तर दाखवून दिले.

म्हणून आपला बीकन दोन भागांत बोलला पाहिजे. ड्रोनचा नंबर, जागा आणि उंची सर्वांसाठी उघड. पायलटची जागा मात्र सांकेतिक, जी फक्त अधिकृत पोलीस यंत्रणा उलगडू शकेल, आणि ज्या हवालदाराने ती उलगडली त्याच्या नावाची नोंद आपोआप होईल. यासाठीचे गणित नवे नाही. बंद करण्याची किल्ली ड्रोनमध्ये ठेवायची, उघडण्याची त्यात ठेवायचीच नाही. बँकेचे व्यवहार रोज असेच चालतात. पोलीस ठाण्यातून वाळूवाल्याला माहिती जाणारच नाही, असे मी म्हणणार नाही, आपण सगळे याच महाराष्ट्रात राहतो. पण नोंद राहिली तर निदान विचारता येईल, की त्या रात्री अकरा वाजता तुम्ही ही जागा कशासाठी पाहिली.

ताब्याची गोष्ट याहून वेगळी आहे. आज 'ताबा' या नावाखाली निरनिराळ्या गोष्टी खपतात. जॅमरने रेडिओ दुवा तोडणे हा ताबा नव्हे. दुवा तुटला की यंत्र आपल्या आधीच्या सूचनेप्रमाणे घरी परतते, जागीच तरंगते किंवा उतरते, आणि त्या भागातली इतर यंत्रणाही बिघडू शकते. खोटा जीपीएस सिग्नल देऊन ड्रोनला भलतीकडे नेणे हाही एक प्रकार आहे. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या टॉड हम्फ्रीज यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे सरकारी अधिकाऱ्यांसमोर तो करून दाखवला. विमानतळाशेजारी तो वापरणे म्हणजे उंदरासाठी घर जाळणे. खरा ताबा म्हणजे ड्रोन आणि रिमोट यांच्यातली बोली ओळखून मधे घुसणे आणि पायलटला बाजूला सारून यंत्र सुरक्षित जागी उतरवणे. इस्रायली कंपन्या अशी उपकरणे विकतात. ज्या मॉडेलची बोली त्यांना माहीत आहे, त्याच्यावरच ती चालतात.

यावरून सुचणारी पुढची पायरी म्हणजे, बोली ओळखत बसण्यापेक्षा कायद्यानेच प्रत्येक ड्रोनमध्ये सरकारसाठी एक मागचे दार ठेवायला लावायचे. दिल्लीतून किंवा जिल्हा नियंत्रण कक्षातून बटण दाबले की ड्रोन आपल्या हातात. ऐकायला छान वाटते. पण हे दार वापरणार कोण? डीजीसीए, गृह मंत्रालय, निमलष्करी दले, प्रत्येक राज्याचे पोलीस, प्रत्येक विमानतळ. इतक्या हातांत गेलेली किल्ली किती दिवस गुप्त राहील? दार नसतानाही लोक घुसले आहेत. २०१३ मध्ये सॅमी कामकर नावाच्या अमेरिकी तरुणाने एक ड्रोन असा बनवला, की तो उडता उडता आजूबाजूच्या पॅरट कंपनीच्या ड्रोनना पळवून नेई. २०१६ मध्ये निल्स रोडडे या संशोधकाने पोलीस वापरतात तसल्या, हजारो युरो किमतीच्या ड्रोनचा ताबा अगदी किरकोळ किमतीच्या सामानातून घेऊन दाखवला. त्यांना ड्रोनमधल्या चुका शोधाव्या लागल्या. आपण कायद्याने चूकच बसवायला निघालो आहोत, आणि तीही देशातल्या सगळ्या ड्रोनमध्ये एकसारखी. ती किल्ली एकदा बाहेर गेली की शेतावर फवारणी करणारे, पंचवीस किलोच्या आसपास वजनाचे 'ड्रोन दीदीं'चे यंत्रसुद्धा कुणाच्याही हातात. ओळख उलगडण्याची किल्ली फुटली तर उडवणाऱ्यांच्या जागा कळतील. तेही वाईटच. ताब्याची किल्ली फुटली तर बाजाराच्या दिवशी गर्दीवर लोखंड-बॅटरी पडेल.

आणि ती सरकारच्या हातात सुखरूप राहिली तरी? फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. शेतकऱ्यांनी पतंग उडवून मांज्यात ड्रोन अडकवायचा प्रयत्न केला. दुरून ताबा घेण्याचा हा बहुधा सगळ्यात स्वस्त मार्ग असावा. त्या दिवशी चित्रण करायला गेलेल्या वाहिन्यांचे ड्रोन एका बटणावर खाली आणता आले असते, तर ते बटण दाबले गेले नसते असे मला तरी सांगता येत नाही.

एवढा धोका पत्करून ज्याच्यासाठी हे करायचे, तो तर सापडतच नाही. युक्रेनच्या युद्धात २०२४ पासून मागे केसासारखी काचतंतूची तार सोडत जाणारे ड्रोन मोठ्या संख्येने आले. त्यांना रेडिओ दुवाच नाही, तर मधे घुसणार कुठे? त्याहून साधे म्हणजे आधी मार्ग आखून दिलेला ड्रोन. एकदा उडाला की तो कुणाचेच ऐकत नाही. सुटे भाग जोडून, मुक्त सॉफ्टवेअर घालून बनवलेल्या ड्रोनमध्ये सरकारी दार बसवणार तरी कोण? ओळखीचा सगळा फायदा नियम पाळणाऱ्यांनी नियम पाळल्यामुळे मिळतो. ताब्याचा फायदा मिळायचा तर नियम मोडणाऱ्याने आपल्या यंत्रात आपल्याविरुद्धची सोय जपून ठेवायला हवी. दोन्ही उपायांना एका वाक्यात बसवणारे लोक हा फरक पाहत नाहीत.

मग निष्काळजी माणसाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला एक ड्रोन धडकला. पंखाला भोक पडले आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर आले. उडवणारा घातपाती नव्हता. आग बघायला म्हणून त्याने एका वाहनतळाच्या गच्चीवरून ड्रोन सोडला आणि तो नजरेआड गेला. गंमत अशी की चारच दिवसांनी डीजेआयने अमेरिकेतली आपली सक्तीची नो-फ्लाय कुंपणे, म्हणजे बंद जागेत ड्रोनला शिरूच न देणारी सोय, काढून तिथे नुसते इशारे ठेवत असल्याचे जाहीर केले. नियम सांगणे सरकारचे काम आणि पाळणे पायलटचे, असा त्यांचा युक्तिवाद. आपल्याकडे ही कुंपणे कंपनीच्या मर्जीवर न सोडता नियमातच असावीत, त्यांचीही तरतूद २०२१ च्या नियमांत त्याच 'भविष्यात'खाली पडून आहे.

निष्काळजी माणसासाठी सुकाणू हाती घेण्याची गरज नसते, त्याला परत पाठवले की पुरे. प्रत्येक बऱ्या ड्रोनमध्ये दुवा तुटला की घरी परतण्याची सोय असतेच. अग्निशमन दलाला, विमानतळाला, जिल्हा दंडाधिकाऱ्याने ठरवलेल्या बंदोबस्ताला एक छोटा प्रसारक द्यावा. तो सही केलेला एकच संदेश पाठवील: ही जागा बंद आहे. ड्रोनने तो वाचायचा, पायलटच्या पडद्यावर दाखवायचा, मिनिटभर वाट बघायची आणि आला त्या वाटेने परतायचे. वळवणे, खाली पाडणे, कॅमेरा बंद करणे यांतले काहीही त्या संदेशाला जमता कामा नये. संदेश काही शे मीटरच्या पलीकडे चालू नये, आणि ठरलेल्या तारखेनंतर आपोआप बाद व्हावा. प्रसारक चोराच्या हाती पडला तरी तो फार तर चार ड्रोन घरी पाठवील. शंभूसारख्या ठिकाणी याचाही गैरवापर होईलच, ते मी नाकारत नाही. पण परत आलेल्या ड्रोनमध्ये चित्रण शाबूत राहते आणि संदेश कुणी, कधी, कोणत्या हुकुमावरून पाठवला हे कोर्टात मागता येते.

घातपाताच्या ड्रोनसाठी शोध घेणारी आणि अडवणारी उपकरणे हवीतच, पण ती मोजक्या जागी. डीआरडीओची ड्रोनविरोधी यंत्रणा लाल किल्ल्यावरच्या स्वातंत्र्यदिनाला लावली जाते, तशी अणुभट्टी, धरण, मोठा विमानतळ, मोठा मेळा अशा ठिकाणी. ती चालवणारे प्रशिक्षित असावेत. ड्रोन खाली पडला आणि कुणाचे डोके फुटले तर भरपाई कुणी द्यायची, हे आधी लिहिलेले असावे. पंढरीच्या वारीत पोलीस स्वतःच ड्रोन उडवतात, तिथे चुकून आपलाच ड्रोन खाली आणला तर काय, हाही प्रश्न कागदावर सुटलेला हवा.

सध्या आपण करतो काय, तर बंदी. मुंबई पोलिसांचे ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट यांच्यावर महिनाभरासाठी बंदीचे आदेश निघतात, संपतात, पुन्हा निघतात. बंदोबस्ताच्या दृष्टीने अधिकाऱ्याचे काम भागते. त्या महिन्यात इमारतीच्या भिंतीची पाहणी करणारा अभियंता, जाहिरातीचे शूटिंग करणारा तरुण घरी बसतात. बंदी मोडणाऱ्याला ओळखायचे साधन मात्र पोलिसांकडे पहिल्या दिवशी नव्हते आणि तिसाव्या दिवशीही नसते. कुणी खिडकीतून पाहिले, फोन केला, तर गाडी जाते. तोवर ड्रोन बॅगेत.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. गोदाघाटावर पोलिसांचे, वाहिन्यांचे, आखाड्यांनी बोलावलेल्या फोटोग्राफरांचे आणि हौशी भाविकांचे किती ड्रोन एकाच सकाळी उडतील याचा अंदाज बांधणे कठीण नाही. बीकनच्या अधिसूचनेनंतर किमान सहा महिने द्यावेच लागतात. जुन्या ड्रोनच्या नोंदणीची खिडकी, मराठीतली चाचणी, ठाण्यातल्या फोनवरचे ॲप आणि ते वापरायला शिकलेले दोन शिपाई, एवढे त्या सहा महिन्यांत बसवायचे तर अधिसूचना जानेवारी २०२७ च्या आत निघायला हवी. केंद्राने ती काढावी म्हणून राज्याच्या गृहखात्याने दिल्लीला पत्र लिहायला मात्र कुठल्याही नियमाची वाट पाहावी लागत नाही.